रांग नसलेलं स्वच्छतागृह

घराबाहेर पडायचं ठरलं की आई आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडायची. जेवताना घास अडकला तरी पेल्याला नुसते ओठ लावायची आणि पेला खाली ठेवायची. थोरलीला हे लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा तिला वाटायचं, मोठ्या बायकांना तहानच लागत नसावी. पुढे ती रसायनशास्त्र शिकली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली आणि अख्ख्या शहराच्या पाण्यात काय काय आहे ते सांगू लागली. आईच्या पोटात पाणी का जात नाही, याची मात्र तिच्या प्रयोगशाळेत चाचणी नव्हती.

आता आईची सत्तरी उलटली होती आणि गोष्ट तहानेच्या पुढे गेली होती. खोकला आला तरी कपडे ओले व्हायचे, हसू आलं तरी व्हायचे. म्हणून तिने आधी खोकला दाबायला सुरुवात केली, मग हसणं सोडलं, आणि शेवटी उंबरा ओलांडणंच बंद केलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की स्नायू सैल पडतात. धाकट्याने, म्हणजे थोरलीच्या भावाने, मोठ्या माणसांचे डायपर आणून दिले. आईने ते पुडकं न फोडता कपाटावर भिरकावलं. "तुम्हा दोघांचे लंगोट मी बदलले. आता तुम्ही माझे बदलणार होय?"

आई धाकट्याकडे राहायची. तिच्या चादरी धुवायच्या त्या धाकट्याच्या बायकोने, आणि तेही नोकरीवरून आल्यावर. ती वाईट नव्हती, थकली होती. पण थकलेल्या माणसाचं बोलणं वाईट माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबतं. धाकट्याने एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. थोरलीची जागा म्हणजे भाड्याची एक खोली आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक संडास. आईला तिथे आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

"ताई, एक दिवस," धाकटा म्हणाला. "आमच्या चिमणीला वाढदिवसाला थीम पार्कमध्ये जायचंय, आणि आजी पाहिजेच म्हणून हटून बसलीय. एक अख्खा दिवस आईला बाहेर सांभाळून दाखव. तमाशा झाला नाही, तर वृद्धाश्रमाचं नाव मी पुन्हा तोंडातून काढणार नाही."

"आणि झाला तर?"

"तर तू मधे बोलायचं नाहीस."

थोरलीने पार्कचा नकाशा मिळवला, त्यावरची सगळी स्वच्छतागृहं हेरली आणि कुठल्या खेळानंतर कुठे वळायचं ते मनाशी पक्कं केलं. आईच्या पिशवीत कपड्यांचे जादा जोड भरले. मोहिमेवर निघालेल्या सेनापतीचाही एवढा अभ्यास नसेल.

नकाशाने पहिल्याच वळणावर दगा दिला. फाटकाजवळच्या स्वच्छतागृहाला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. त्यापुढच्या स्वच्छतागृहासमोर बायकांची रांग भिंतीला वळसा घालून मागे गेली होती. पुरुषांच्या दारात माशीसुद्धा नव्हती. आईने ओठ मिटून घेतले, गुडघे एकमेकांना टेकवले आणि समोरच्या फुग्यांकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ थोरलीला पाठ होता.

"झालं सुरू?" धाकट्याची बायको हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती दमणूक होती.

"तुम्ही चिमणीला घेऊन पाळण्याकडे व्हा. आम्ही आलोच."

तिघं गेली. जाताना धाकट्याच्या बायकोने आपली पर्स थोरलीच्या खांद्याला अडकवली, चिमणीने कापसाचं अस्वल दिलं आणि धाकट्याने खाण्याची पिशवी. घरात एखादी बिनलग्नाची बाई असली की तिचे हात रिकामेच आहेत असं सगळे धरून चालतात.

पिवळी टोपी घातलेली पार्कची एक मुलगी जवळ उभी होती. थोरलीने विचारलं, "इथे जवळपास दुसरं टॉयलेट आहे का?"

"हो, आहे ना!" मुलगी हसली आणि तळहात उघडा ठेवून अख्ख्या हाताने एक दिशा दाखवली. "या बाजूला. अगदी जवळ."

त्या बाजूला नकाशात काही नव्हतं. पण घोड्यांच्या गोल पाळण्यामागे, प्लास्टरच्या खोट्या डोंगराला लागून, खरोखरच एक दार होतं. पाटी नव्हती. आत हिरव्या फरशीचा बोळ दिसत होता, तो थोडा पुढे जाऊन डावीकडे वळत होता. रांग नव्हती.

"तू जा, मी सामान सांभाळते," थोरली म्हणाली. आई एवढ्या तातडीने गेली की थोरलीचं वाक्य पुरं झालं तेव्हा बोळ रिकामा होता.

थोरली दाराशी उभी राहिली आणि सवयीने तिने श्वास घेतला. नाक हे तिचं कामाचं हत्यार. क्लोरीन, फिनेल, अमोनिया, तुंबलेली मोरी, तिला सगळं लांबूनच कळायचं. इथे कसलाच वास नव्हता. नुसता ओल्या सिमेंटचासुद्धा नव्हता. फरशी कोरडी ठणठणीत होती आणि उंबऱ्याशी तिचा एक कोपरा फुटला होता. तिथे कुणीतरी सिमेंट भरलं होतं, आणि ते ओलं असताना त्यावर अंगठा टेकला होता. अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट होता.

आई सावकाश बाहेर आली. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

"काय स्वच्छ आहे गं! आणि आत एक बाई बसलीय. देखरेखीला असेल. मी धडपडत गेले तर म्हणते, 'सावकाश होऊ द्या, इथे घाई नाही.'" आई थांबली. "असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. तुझा बाप तर लग्नाच्या दिवशीसुद्धा बाहेरून दारावर थापा मारत होता. मला वाटलं, मुहूर्त चाललाय. बाहेर येऊन बघते तर याला भूक लागलेली!"

आणि ती हसली. अगदी मोकळी, खांदे हलवून. थोरलीची नजर सवयीने तिच्या कपड्यांकडे गेली. कपडे कोरडे होते.

त्या सकाळी आई चिमणीबरोबर होडीत बसली. पाण्याचे फवारे उडाले तेव्हा किंचाळली. मग तिने बाटली मागितली आणि उभ्याउभ्या अर्धी रिकामी केली. घटाघटा पाणी पिणारी आई थोरलीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. धाकटाही बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी धास्ती होती, मग दुसरं काहीतरी. लहानपणी परीक्षेत आपल्यापेक्षा ताईला जास्त मार्क पडले की तो असा बघायचा.

दुपारी आई पुन्हा अवघडली तेव्हा ते पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला, बाहुल्यांच्या नाट्यगृहापाशी होते. थोरलीने एका पिवळ्या टोपीवाल्याला विचारलं. "हो, आहे ना! अगदी जवळ." तसाच उघडा तळहात. नाट्यगृहाच्या मागे दार होतं. हिरवा बोळ, डावीकडे वळणारा. रांग नाही.

एकाच कंत्राटदाराचं काम असणार, ती मनाशी म्हणाली. एकदा साचा केला की तोच सगळीकडे वापरतात.

मग तिने खाली बघितलं. उंबऱ्याशी फुटका कोपरा, त्यात सिमेंट, सिमेंटवर अंगठा.

साच्यात फरशी बसते. फुटलेला कोपरा बसत नाही. थोरली वाकली आणि आपला अंगठा त्या खळग्यावर ठेवला. खळगा गार होता. शेजारची फरशी उन्हाने तापली होती. आत आई कुणाशी तरी बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. मैत्रिणींमध्ये बसल्यावर बायकांचा लागतो तो. आईला मैत्रिणी असल्याचं थोरलीला आठवत नव्हतं.

पिशव्या खाली ठेवून आत डोकावावं असं तिच्या मनात आलं. पण पर्समध्ये भावजयीचे दागिने आणि घराच्या किल्ल्या होत्या, आणि रस्त्यावर माणसांचा पूर लोटला होता. ती बाहेरच थांबली.

तिथे आणखी एक गृहस्थ उभा होता, काखेत बायकोची पर्स, हातात थैल्या. तो सारखा घड्याळ बघत होता. शेवटी त्याने बोळात तोंड घालून हाक मारली, "अगं, आटप की! आत काय संसार थाटलास का?"

हाक संपते न संपते तोच एक वयस्कर बाई वळणावरून बाहेर आली. जणू वळणापलीकडेच उभी होती. गृहस्थ कुरकुरला, "किती वेळ!" ती हसली, त्याच्या हातातल्या सगळ्या थैल्या स्वतःकडे घेतल्या आणि त्याच्या मागून चालू लागली. तो दोन पावलं गेला आणि मागे वळून तिच्याकडे बघत राहिला. कुणी भांडायला तयार असावं आणि समोरचा भांडूच नये, तसा त्याचा चेहरा झाला होता.

आई बऱ्याच वेळाने आली. गाल गुलाबी झाले होते. "बाई फार बोलकी आहे. मी म्हटलं, बाहेर मुलगी थांबलीय. तर म्हणते, थांबू दे की, तुम्ही जन्मभर सगळ्यांसाठी थांबलात."

"आत आणखी कोण होतं, आई?"

"असतील. दारं बरीच आहेत. सगळ्या निवांत आहेत."

थोरलीला आत जाऊन बघावंसं वाटलं. पण समोर धाकटा उभा होता, आणि आईचे कपडे कोरडे होते. ज्या गोष्टीने काम होतंय तिची चाचणी कशाला करा? प्रयोगशाळेत असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला दारातून आत घेतलं नसतं.

संध्याकाळी दिवे लागले. तळ्यावर शेवटचा रंगीत कारंज्यांचा खेळ होता आणि चिमणी सकाळपासून त्याचाच जप करत होती. सगळे तिकडे निघाले तेव्हा आईने थोरलीचा हात धरला. या वेळी तिचे गुडघे जुळले नव्हते. ती घाईत नव्हतीच. माहेरी निघालेल्या बाईसारखी दिसत होती.

"मला जाऊन यायचंय," ती म्हणाली.

दार या वेळी विचारावं लागलं नाही. तळ्याच्या वाटेवरच होतं.

आई गेली. थोरली अस्वल, पर्स आणि पिशव्या घेऊन उभी राहिली. तळ्याकडून संगीत सुरू झालं. फोन वाजला.

"ताई, कुठे आहात? सुरू झालं इकडे. चिमणी रडून आकांत करतेय, आजी आल्याशिवाय बघणार नाही म्हणते."

"आलोच."

"परत तेच ना? भिजली का?"

"नाही रे."

"मग इतका वेळ काय करतेय? ताई, खरं सांग हं. आपलं ठरलंय."

तिने फोन ठेवला. आतून आईचं हसणं येत होतं. पोट धरून, श्वास लागेपर्यंतचं हसणं. त्यात दुसऱ्याही बायकांचे आवाज होते.

फोन पुन्हा वाजला.

अख्खा दिवस तिने आईला एकदाही घाई केली नव्हती. खरं तर अख्ख्या आयुष्यात केली नव्हती. आईला घाई न करणारं या घरात तेवढं एकच माणूस होतं, ती.

"आई!" ती बोळात तोंड घालून ओरडली. "आटप ना लवकर! किती वेळ!"

हसणं तुटलं.

आई वळणावर उभी होती.

पावलं वाजली नव्हती. नळ वाजला नव्हता. कपडे सावरलेले, केस चापूनचोपून बसवलेले.

ती पुढे आली. थोरलीच्या खांद्यावरची पर्स तिने घेतली, पिशव्या घेतल्या, अस्वल घेतलं.

"चल," ती म्हणाली. "आता नाही लागणार."

त्या रात्री गाडीत सीट कोरडी राहिली. उतरताना धाकट्याने थोरलीच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलीस, ताई." आणि शब्दाला जागून वृद्धाश्रमाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

काढायची गरजही पडली नाही. भावजयीचे फोन येऊ लागले, आणि त्यांत कुरकुर नव्हती. "ताई, चादरी धुवायच्या विसरले मी! आणि आई भाजी चिरून ठेवतात, कपड्यांच्या घड्या घालतात. 'बसा हो आई' म्हटलं की बसतात, 'उठा' म्हटलं की उठतात. माझ्या आईला पण घेऊन जाते त्या पार्कमध्ये."

"बाथरूमला जाते का ती?"

"जात असतीलच की. मी काय दाराशी पहारा करू?"

सुट्टी आली तशी थोरली तिकडे गेली आणि दिवसभर आईच्या समोर बसली. आईने नाश्ता केला, चहा घेतला, जेवली. दिलं तेवढं पाणी प्यायली. थोरलीने मुद्दाम तांब्या पुढे सरकवला, तर तोही रिकामा केला. दिवस मावळेपर्यंत ती एकदाही उठली नाही. थोरलीने तिच्या पायांवर बोट दाबून बघितलं. सूज नव्हती. पोट मऊ होतं. शरीरात गेलेलं पाणी कुठल्या ना कुठल्या वाटेने बाहेर यावंच लागतं, नाहीतर माणूस फार दिवस काढत नाही. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

"आई, बाबांनी लग्नात दारावर थापा मारल्या होत्या ना?"

"असेल," आई हसून म्हणाली.

चिमणी कोपऱ्यात रंगवत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आत्या, आजीला आता गुदगुल्याच होत नाहीत."

स्वयंपाकघरात थोरलीने धाकट्याला गाठलं. तपासण्या करू म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ म्हणाली.

"काय सांगायचं डॉक्टरला? आमची आई बरी झाली, तिला औषध द्या?" त्याने हात झटकले. "वर्षानुवर्षं भिजत होती तेव्हा रविवारी येऊन लाडू चारल्यासारखं गोड बोलायचीस आणि जायचीस. आता सुखाने बसलीय तर तुझ्या पोटात दुखतंय. तुझं कौतुक संपलं ना?"

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ती पार्कमध्ये गेली.

भर दुपार होती. गोल पाळण्यामागे खोटा डोंगर होता, त्याला दार नव्हतं. तळ्याच्या वाटेवर सलग कुंपण होतं. पिवळ्या टोप्या हसून हात दाखवत राहिल्या, आणि ती त्या हातांमागून फिरत राहिली. शेवटी बाहुल्यांच्या नाट्यगृहापाशी एक मुलगी सावलीत टोपी काढून बसलेली सापडली.

"खरं सांग," थोरली म्हणाली. "तिकडे टॉयलेट आहे का?"

मुलीने आजूबाजूला बघितलं. "आम्हाला 'नाही' आणि 'माहीत नाही' म्हणायची परवानगी नाही, मॅडम. शिकवतातच तसं. माहीत नसलं तरी हसायचं आणि हात दाखवायचा. पुढचा माणूस बघून घेतो. तिकडे भिंत आहे नुसती."

"मग लोक जातात ते कुठे?"

"तेच कळत नाही." मुलीने टोपी हातात फिरवली. "भिंत बघून लोकांनी परत येऊन आम्हाला शिव्या द्यायला हव्यात ना? अजून एकही जण आला नाही."

थोरली नाट्यगृहामागे गेली. प्लास्टरची भिंत उन्हात तापली होती. तिने दोन्ही तळवे भिंतीवर टेकले.

"आई," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "आई, सावकाश होऊ दे! काही घाई नाही! मी थांबलेय!"

आइसक्रीम खात जाणारं एक कुटुंब थबकलं, तिच्याकडे बघून जरा लांबून गेलं. ती उन्हं उतरेपर्यंत तिथे उभी होती. भिंत भिंतच राहिली.

पुढच्या सुट्टीला ती धाकट्याकडे गेली तेव्हा जेवणं आटोपली होती. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. डोळे मिटलेले, श्वास संथ. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. बाहेर धाकटा आणि त्याची बायको टीव्ही बघत काहीतरी बोलून हसत होते. घर बऱ्याच वर्षांनी सुखात होतं.

थोरली तिच्यामागे पलंगावर आडवी झाली. लहानपणी ताप आला की झोपायची, तशी. आणि तिने आईच्या पाठीला कान लावला.

काळजाचे ठोके तिला ऐकू आले नाहीत.

पाणी ऐकू आलं. लांब कुठेतरी, फरशीच्या मोठ्या रिकाम्या जागेत घुमावं तसा एक नळ ठिबकत होता. एक दार उघडलं, मिटलं. चपला घासत कुणीतरी चालत गेलं.

तिने मान उचलून आईचा चेहरा बघितला. ओठ मिटलेले होते. तिने पुन्हा कान टेकवला.

"अहो बाई," आईचा आवाज म्हणाला. तिचा जुना, खरा, थोडा अवघडलेला आवाज. "माझं केव्हाच झालंय. माझी थोरली थांबली होती बाहेर, मला हाक मारली तिने. बघता का जरा, आहे का ती?"

थोडा वेळ नुसता नळ ठिबकत राहिला. मग दुसरा एक आवाज, मायाळू आणि निवांत, म्हणाला,

"बघितलं हो मी. बाहेर कुणीच नाही."